धागा: ओरिएंटियरिंगच्या नकाशाला चौकट आणि लोगो कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, कुठल्या टप्प्यावर लावायचे?

लळिंगपायथा

नमस्कार मंडळी. धुळ्याजवळ लळिंगच्या बाजूला शाळेतल्या मुलांसाठी ओरिएंटियरिंग, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातली ठरलेली ठिकाणं (कंट्रोल) क्रमाने शोधत पळायचा खेळ, ठेवतोय. वनविभागाची परवानगी मिळाली आहे. नकाशा ओपनओरिएंटियरिंग मॅपर या नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून झाला, प्रमाण १:१०,०००. मुलांनी स्वतः मोबाइलवर मॅपर घेऊन पायवाटा फिरून टिपल्या आहेत, त्यामुळे नकाशाचा लळा लागलाय सगळ्यांना.

आता अडलंय ते सजावटीपाशी. ए-४ कागद आहे. चौकट हवी, वर नाव हवं, शाळेचा लोगो हवा, प्रायोजकांचे दोन लोगो हवेत. त्यातले एक सराफ आहेत, त्यांनी बक्षिसांचा सगळा खर्च उचलला आहे. समितीतल्या मंडळींचं म्हणणं की त्यांचा लोगो वर मधोमध, ठसठशीत दिसला पाहिजे. कोर्स, म्हणजे कंट्रोलांचे मार्ग, चार आहेत आणि ते पर्पल पेन या कोर्स आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये आखतोय.

प्रश्न असा, की हे सगळं मॅपरच्या फाइलमध्येच टाकू, पर्पल पेनमध्ये टाकू, की शेवटी पीडीएफ काढून दुसऱ्या कशात तरी टाकू? जाणकारांनी सांगावं.

रावेरकर

सर, पीडीएफ काढा आणि जवळच्या डीटीपीवाल्याकडे जा. तो कोरलमध्ये (पत्रिका-जाहिराती मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) दहा मिनिटांत चौकट, लोगो सगळं बसवून देतो. लग्नपत्रिका करणाऱ्याला यात काही अवघड नाही.

तापीतीर

रावेरकर भाऊ, थांबा जरा. पत्रिका एक सेंटिमीटर लहान झाली तर लग्न काही मोडत नाही, नकाशा मात्र तेवढ्यानं कामातून जातो. कोरलबद्दल पुढे कोणीतरी सविस्तर लिहीलच, मी आधी जागेचा हिशोब मांडतो. सॉफ्टवेअर निवडण्याआधी हा हिशोब केला की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

ए-४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. प्रिंटर कडेला छापत नाही म्हणून चारही बाजूंनी १० मिमी सोडा. उरले १९० बाय २७७. १:१०,०००ला एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर, तेव्हा तुमच्या हातात १.९ किमी रुंद आणि २.७७ किमी उंच एवढा मुलूख आहे. आता वर लोगोंसाठी २५ मिमीची आणि खाली २० मिमीची पट्टी काढलीत की २३२ मिमी उरतात. म्हणजे ४५० मीटर डोंगर गेला. सराफांचा लोगो मोठा करायला पट्टी आणखी २० मिमी वाढवली की आणखी २०० मीटर गेले, तेही पूर्ण रुंदीभर.

याशिवाय कंट्रोलचा तक्ता (कुठला कंट्रोल कशापाशी आहे ते चिन्हांनी सांगणारा) नकाशावरच छापणार असाल (मुलांसाठी छापावाच), तर त्याचे चौकोन ५ ते ७ मिमीचे असावे लागतात. ६ मिमी धरले आणि कोर्सला १२ कंट्रोल असले, तर शीर्षकाच्या दोन ओळी, सुरुवातीची एक, शेवटची एक मिळून १६ ओळी झाल्या. उंची ९६ मिमी, आणि आठ रकाने म्हणून रुंदी ४८ मिमी. हा तक्ता कुठे बसणार ते आधी ठरवा. जागा निवडण्याचा पहिला मान त्याचा, मग उत्तर दिशेच्या बाणाचा आणि प्रमाणाचा, आणि राहिलेल्या जागेत लोगो. मला वाटतं समितीला कागदावर पेन्सिलने हे तीन चौकोन काढून दाखवलेत तर वाद होणार नाही. मोजमाप समोर असलं की लोक ऐकतात.

आता टप्प्याचं. माझं मत स्पष्ट आहे: मॅपरच्या मूळ फाइलमध्ये जे जमिनीवर आहे तेवढंच ठेवा. चौकट, नाव, लोगो, तक्ता हे सगळं कोर्सच्या टप्प्यावर, म्हणजे पर्पल पेनमध्ये घाला.

कारण सांगतो. तुम्ही चार कोर्स म्हणालात. पाचवी-सहावीच्या मुलांना तोच नकाशा १:७,५००वर मोठा करून दिला तर त्यांना वाचायला सोपं जातं, आणि पर्पल पेन प्रत्येक कोर्सला वेगळं छपाईचं प्रमाण देऊ देतं. चौकट मूळ नकाशातच असेल तर तीही सव्वापटीहून जास्त मोठी होते, २० मिमीची पट्टी जवळजवळ २७ मिमीची होते आणि कागदाबाहेर जाते. त्याहून वाईट म्हणजे मूळ नकाशावर हाताने टाइप केलेलं ‘१:१०,०००’ तसंच राहतं आणि मुलांच्या हातात चुकीचं प्रमाण लिहिलेला नकाशा पडतो. पर्पल पेनमध्ये मजकूर टाकताना छपाईचं प्रमाण, कोर्सचं नाव, लांबी, चढ हे आपोआप भरणाऱ्या खुणा घालता येतात. कोर्स बदलला की आकडा बदलतो.

लळिंगपायथा

तापीतीर, हिशोब डोळे उघडणारा आहे. ४५० मीटर म्हणजे आमची वरची अख्खी नाळ (डोंगरातली घळ) जातेय.

एक शंका. मी काल मॅपरमध्ये शाळेचा लोगो घालायचा प्रयत्न करत होतो, चित्र आत घ्यायची सोयच सापडली नाही. माझ्याकडून काही बघायचं राहतंय का?

सातपुडावाट

सर, तुमचं काही राहिलेलं नाही. मॅपरमध्ये बिंदू, रेषा, क्षेत्र आणि मजकूर एवढ्याच वस्तू असतात, चित्र ही वस्तू नाही. चित्र फक्त टेम्प्लेट म्हणून, म्हणजे खाली अंथरलेल्या कागदासारखं, उघडता येतं. ते छापताही येतं, पण टेम्प्लेट हा गिरवण्याचा आधार आहे, नकाशाचा भाग नाही. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली आणि चित्र मागे राहिलं की लोगो गायब.

लोगो साधा असेल, दोन रंगांचा, तर तो मॅपरमध्येच क्षेत्र-चिन्ह म्हणून गिरवता येतो. मॅपरच्या तयार चिन्हसंचात त्यांचा स्वतःचा लोगो असाच एक चिन्ह म्हणून दिलेला आहे, तो उघडून पाहा म्हणजे कसं केलंय ते कळेल. एखाद्या मंडळाचा कायमचा लोगो असेल आणि दर वर्षी लागणार असेल तर एवढी मेहनत घेणं योग्य. शाळेच्या लोगोत दिवा, पुस्तक, सूर्य, श्लोक असं सगळं असतं, तिथे या वाटेला जाऊ नका.

पर्पल पेनमध्ये सोपं आहे. विशेष वस्तू जोडण्याच्या मेनूत मजकूर, रेषा, आयत आणि चित्र हे सगळे पर्याय आहेत. चित्र निवडा, नकाशावर माउस ओढून जागा ठरवा, झालं. शिवाय प्रत्येक वस्तू कोणत्या कोर्सवर दिसावी ते निवडता येतं. म्हणजे शाळेचा लोगो सगळ्या कोर्सवर, ‘लहान गट’ ही पट्टी फक्त त्या कोर्सवर. चौकटीसाठी आयत घ्या, जाडी अर्धा मिलिमीटर पुरे, रंग काळा.

लोगो ठेवायचा त्या जागी नकाशाचा तपशील खाली दिसत असेल तर आधी ‘व्हाइट आउट’ नावाची वस्तू टाका. ती पांढरा पडदा घालते. आमच्याकडे तोरणमाळच्या बाजूला गर्द समोच्च रेषा असतात, त्यावर पडदा न घालता ठेवलेला लोगो म्हणजे नुसता गिचका दिसतो.

दुसरी वाट म्हणजे मॅपरमध्येच वेगळं चौकट-चिन्ह करायचं. रंगांच्या यादीत सर्वांत वर एक पांढरा रंग घाला, त्या रंगाचं क्षेत्र-चिन्ह करा, कागदाएवढा आयत काढून मध्ये नकाशाएवढं भोक पाडा. चौकटीबाहेरचा सगळा पसारा झाकला जातो. नको तेव्हा ते चिन्ह लपवायचं. मूळ नकाशा कापायची गरज राहत नाही. कटआउटचं साधन आहे मॅपरमध्ये, पण ते वापरायचं तर फाइलची प्रत काढूनच, कारण कापलेला भाग पुढच्या वर्षी लागतो. तापीतीर म्हणतात तसं मीही मूळ फाइल स्वच्छ ठेवण्याच्या बाजूचा आहे.

भुसावळडीटीपी

कोरलचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी याच धंद्यात आहे आणि गिऱ्हाईक येऊ नये असं मला वाटण्याचं कारण नाही. तरीही सरांना सांगते, तयार नकाशाची पीडीएफ डीटीपीवाल्याला उघडू देऊ नका, फक्त छापू द्या.

दुकानात काय होतं ते सांगते. पीडीएफ कोरलमध्ये आत घेतली की तिचे हजारो तुकडे होतात. फॉन्ट नसेल तर दुसरा लागतो. समोच्च रेषेची जाडी कुठे बदलते, कुठे नाही. मग ऑपरेटर लोगो बसवायला जागा करतो, म्हणजे सगळं सिलेक्ट करून कोपरा धरून जरा आत ओढतो. त्याच्या नजरेला काही बिघडलेलं नसतं, दिसायलाही छान दिसतं. १:१०,०००चा नकाशा मात्र तिथे संपला.

छापतानाही तोच धोका. प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ हा पर्याय बहुतेक ठिकाणी आधीपासून निवडलेला असतो. त्यात पान ९७ टक्क्यांवर आलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. एक किलोमीटरला नकाशावर १०० मिमी हवे तिथे ९७ मिमी होतात, पळणारा मुलगा ९७० मीटर समजून चालतो आणि ३० मीटर आधी कंट्रोल शोधत झुडपात शिरतो. कंट्रोलचा झेंडा खडकामागे असेल तर ३० मीटर म्हणजे फार झाले.

म्हणून दुकानात पट्टी घेऊन जा. साधी शाळेची पट्टी. ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के सांगा, पहिली एकच प्रत काढायला लावा आणि तिथेच मोजा. नकाशावरच्या उत्तर रेषा (उत्तर दाखवणाऱ्या समांतर उभ्या रेषा) ३०० मीटरवर असतील तर १:१०,०००ला दोन रेषांमध्ये ३० मिमी यायलाच हवेत. एका फटीत फरक कळत नाही, पाच फटी एकदम मोजा, १५० मिमी आले पाहिजेत. १४५-१४६ आले की समजा पान आक्रसलंय. लहान गटाची प्रत १:७,५००वर असेल तर एक फट ४० मिमी, चार फटी १६०. मोजून झाल्याशिवाय बाकीच्या प्रती काढू देऊ नका. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

रावेरकर

ताई, पटलं. कोरलचं मी सोडून दिलं. मग पर्पल पेनमध्ये लोगो नीट बसत नसतील, चौकट जरा नक्षीदार हवी असेल, तर करायचं काय? काही जणांना सुबक मांडणी लागते.

भुसावळडीटीपी

मग स्क्राइबस हे पान मांडायचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. त्यात चित्राची फ्रेम घ्या, नकाशाची पीडीएफ त्यात ठेवा, मोजमाप ‘फ्रेममध्ये बसवा’ असं न ठेवता मोकळं ठेवून दोन्ही बाजूंना १०० टक्के करा. बाजूने चौकट, लोगो, मजकूर हवा तसा लावा. निर्यात करताना पीडीएफ जशीच्या तशी आत ठेवण्याचा पर्याय आहे, तो लावलात तर नकाशाच्या रेषा रेषाच राहतात, त्यांचं चित्र होत नाही. रंगही सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) टिकतात. इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर मला आवडतं, पण ते आरजीबीत (पडद्याच्या रंगांत) काम करतं, म्हणून सबंध नकाशा त्यातून फिरवून आणू नका. इंकस्केप लोगो साफ करायला ठेवा.

लोगो मागताना प्रायोजकाकडून व्हॉट्सॲपवरचा फोटो घेऊ नका. त्यांच्या पाटीवाल्याकडे किंवा पत्रिकावाल्याकडे मूळ फाइल असते, ती एसव्हीजी (रेषांच्या चित्राची फाइल) किंवा पीडीएफमध्ये मागा. नसेलच तर पीएनजी, पार्श्वभूमी पारदर्शक, छापायच्या आकाराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). म्हणजे ३० मिमी रुंद लोगोला साधारण ३५५ पिक्सेल. एवढंच पुरतं, मोठाली फाइल घेऊन पीडीएफ जड करू नका.

तापीतीर

लोगोच्या रंगावर कोणी बोललं नाही, आणि सरांचे प्रायोजक सराफ आहेत म्हणून हे सांगणं भाग आहे.

सोनेरी लोगो कागदावर सोनेरी येत नाही. लेझर प्रिंटरवर तो तपकिरी-पिवळा येतो. ओरिएंटियरिंगच्या नकाशात तपकिरी म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा आणि पिवळा म्हणजे उघडं रान. लळिंगच्या बाजूला कुरण आहे, नकाशाचा मोठा भाग पिवळाच असणार. त्यात चौकटीच्या आत कोपऱ्यात सोनेरी वर्तुळ ठेवलं तर मूल पळता पळता त्याकडे जमिनीचा तुकडा म्हणून बघेल. जांभळा किंवा लालसर गुलाबी लोगो तर चौकटीच्या आत अजिबात नको, कारण जांभळा हा कोर्सचा रंग. जांभळं गोल बोधचिन्ह म्हणजे वरवर पाहता एक जास्तीचा कंट्रोल.

उपाय सोपा आहे. लोगो चौकटीच्या बाहेर ठेवा. आत ठेवावाच लागला तर एकरंगी काळा करून, पांढऱ्या पडद्यावर, आणि कोर्स जिथे फिरकत नाही अशा कोपऱ्यात. चार कोर्स असतील तर चारही कोर्सच्या रेषा एकदम चालू करून पाहा, कुठला कोपरा रिकामा राहतो ते लगेच दिसतं. ठसठशीत सोनेरी लोगो हवा असेल तर नकाशाची मागची बाजू पूर्ण मोकळी आहे. तिथे ए-४ भरून छापा. धावणारा नकाशा समोर उघडून धरतो तेव्हा समोरच्याला दिसते ती पाठीमागचीच बाजू. फोटोतही तीच येते. प्रायोजकाला हे समजावून सांगितलं तर त्याचा फायदाच आहे.

शिरपूरना पोऱ्या

काय भो, एक इचारू का? किनारवर मराठी लिखानं म्हंतं तर कसं करानं? आमना आठे पोऱ्हेस्ले इंग्रजी वाचाले अडचन येस.

म्हणजे बाकीच्यांसाठी प्रमाण मराठीत लिहितो: आमच्याकडे आश्रमशाळेतली मुलं येतात. नकाशाची चिन्हं त्यांना पटकन कळतात, कारण खडक, नाला, पायवाट हे रोजचं आहे. कडेला इंग्रजीत लिहिलेल्या सूचना मात्र कोणी वाचत नाही. मराठी घातलं तर एका प्रोग्रॅममधून पीडीएफ काढल्यावर वेलांट्या सरकल्या, ‘क्षेत्र’ या शब्दाचा ‘क्ष’ फुटून दोन अक्षरं झाली. मॅपरमध्ये पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं.

भुसावळडीटीपी

दादा, जोडाक्षरं फुटणं हे देवनागरीचं जुनंच दुखणं आहे. युनिकोड मजकुरात ‘क्ष’ हा क, हलन्त आणि ष असा साठवलेला असतो, आणि त्याचा एक आकार जोडण्याचं काम सॉफ्टवेअरनं करायचं असतं. पडद्यावर ते काम होतं, पीडीएफ लिहिणारा भाग ते करत नाही, मग अक्षरं सुटी पडतात. ऱ्हस्व वेलांटी तर हमखास उजवीकडे जाऊन बसते.

एकच खात्रीचा उपाय. मजकूर इंकस्केपमध्ये टाइप करा, ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि बारीक आकारातही वाचता येतात. मग तो मजकूर सिलेक्ट करून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा. आता ती अक्षरं राहिली नाहीत, आकार झाले. कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच दिसणार. पर्पल पेनला द्यायला ते ६०० डीपीआयवर पीएनजी करून घ्या, स्क्राइबसला एसव्हीजी द्या. पाथ करण्याआधीची फाइल वेगळी जपून ठेवा, कारण नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही. श्रीलिपी वा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कोणी दिला तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आपोआप बदलणारे आकडे, म्हणजे लांबी आणि प्रमाण, तेवढे पर्पल पेनच्या मजकुरातच राहू द्या. अंक इंग्रजी आले तरी मुलांना वाचता येतात.

शिरपूरना पोऱ्या

ताई, झकास. आता करी देखस. किनारीवर एक ओळ आम्ही नक्की घालतो, ‘वाट चुकलात तर अमुक दिशेने चाला, रस्ता लागेल’, आणि खाली आयोजकांचा फोन नंबर. लोगोपेक्षा मला ती ओळ महत्त्वाची वाटते. लळिंगला मुंबई-आग्रा महामार्ग आहे, सरांनी त्याची दिशा घालावी.

सातपुडावाट

ही ओळ सगळ्यांनीच घ्यावी.

चौकटीबद्दल एक राहिलं. चौकटीच्या उभ्या कडा उत्तर रेषांना समांतर हव्यात. ओरिएंटियरिंगचा नकाशा चुंबकीय उत्तरेवर बसवलेला असतो आणि मूल होकायंत्र नसलं तरी कागदाची कड धरून नकाशा फिरवतं. चौकट जराशी तिरकी असेल तर डोळ्याला खटकत नाही, पण हात चुकीची दिशा धरतो.

खानदेशात आपलं एक नशीब चांगलं आहे. नंदुरबार, धुळे, जळगाव तिन्ही जिल्हे यूटीएम या जागतिक नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतात, आणि त्या पट्ट्याची मधली रेखा ७५ अंश पूर्व आपल्याच भागातून जाते. त्यामुळे ग्रिडची (नकाशाच्या चौकोनी जाळीची) उत्तर आणि खरी उत्तर यांत नाममात्र फरक. चुंबकीय उत्तरही इकडे खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आतच आहे. पण म्हणून मॅपरमधली जिओरेफरन्सिंगची (नकाशा जमिनीवरच्या स्थानाशी जोडायची) खिडकी रिकामी सोडू नका. तिथे चुंबकीय फरकाचा आकडा भरायची जागा आहे, तो भरा, मग उत्तर रेषा काढा, आणि सर्वांत शेवटी चौकट. उलट क्रमानं केलं तर चौकट पुन्हा काढावी लागते.

तापीतीर

कडेच्या मजकुराबद्दल माझी शेवटची विनंती. लोगोंच्या गर्दीत ही माहिती हरवू नये:

नकाशाचा आधार ओपनस्ट्रीटमॅप असेल तर ‘© ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ हे छापणं त्यांच्या परवान्याची अट आहे. बारीक अक्षरात चालेल, पण वाचता आलं पाहिजे. भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये नकाशांबाबतचे नियम बरेच मोकळे झाले, त्यामुळे असा नकाशा करायला पूर्वीसारखी धास्ती नाही, तरी दुसऱ्याची माहिती वापरली तर त्याचं नाव द्यायचंच.

समोच्च रेषा कुठून घेतल्या तेही लिहा. अवकाशयानातून घेतलेल्या एसआरटीएम या उंचीच्या माहितीवरून काढल्या असतील तर तिथे साधारण ३० मीटरला एक बिंदू आहे. त्यावरून सॉफ्टवेअर ५ मीटरच्या रेषा काढून देतं, पण लहान घळी आणि टेकाडं त्यात सापडत नाहीत. फिरून दुरुस्त केल्या असतील तर ‘प्रत्यक्ष पाहणीने दुरुस्त’ असं लिहा, नसतील केल्या तर लिहू नका. मुलांचा नकाशावर विश्वास बसायचा तर नकाशानं खरं बोललं पाहिजे.

आणि पाहणीचा महिना. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. ऑक्टोबरात कमरेएवढं गवत असतं तिथे एप्रिलमध्ये मोकळं मैदान असतं, सागाचं रान उन्हाळ्यात पानं टाकून आरपार दिसतं. हिरव्याची छटा (झाडी किती दाट ते सांगणारी) कुठल्या महिन्यातली आहे ते नकाशावर लिहिलेलं असलं की पुढच्या वर्षी वापरणारा सावध राहतो.

रावेरकर

आमच्या बाजूला तर शेतंच बदलतात. केळीची बाग म्हणून नकाशात दाखवली तिथे दोन वर्षांनी कापूस. तेव्हा महिन्याबरोबर सालही हवंच.

लोगोंबाबत आणखी एक. बऱ्याच कार्यक्रमपत्रिकांवर हौसेनं सिंहमुद्रा टाकतात, सरकारी परवानगी मिळाली की टाकायचीच असा समज आहे. राजमुद्रेच्या अनुचित वापराला बंदी घालणारा २००५चा केंद्राचा कायदा आहे. वनविभागाची परवानगी मिळाली म्हणून त्यांचं चिन्ह किंवा सिंहमुद्रा छापायचा अधिकार मिळत नाही. ‘वनविभागाच्या परवानगीने’ एवढी ओळ घाला, पुरे.

लळिंगपायथा

हे कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या कच्च्या मांडणीत वनविभागाचं चिन्ह होतं, काढून टाकलं.

तुमच्या सगळ्यांच्या सांगण्यावरून आज जे ठरलं ते लिहितो. मूळ मॅपर फाइल स्वच्छ. चौकट पर्पल पेनमध्ये, काळी, अर्धा मिलिमीटर. वर १४ मिमीची एकच पट्टी: डावीकडे शाळेचा लोगो, मध्ये मराठी नाव पाथ करून, उजवीकडे आपोआप बदलणारं प्रमाण आणि कोर्सचं नाव. कंट्रोलचा तक्ता नकाशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पांढऱ्या पडद्यावर, तिकडे एकही कोर्स जात नाही. खाली ८ मिमीत महामार्गाची दिशा, फोन, पाहणीचा महिना-साल, आधार. वरची नाळ पूर्ण वाचली.

सराफांना दोन नमुने दाखवले, एकात लोगो वर मधोमध, दुसऱ्यात मागच्या पूर्ण पानावर. त्यांनी मागचं पान निवडलं आणि विचारलं, की मागे लळिंगच्या गडाची थोडी माहितीही छापता येईल का.

आता एकच प्रश्न. दोन्ही बाजूंनी छापायचं तर कागद कुठला घ्यावा? मागचा गडद सोनेरी रंग पुढे दिसेल का?

भुसावळडीटीपी

७० किंवा ८० जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं माप) नेहमीचा झेरॉक्स कागद घेतलात तर नक्की दिसेल, उन्हात धरल्यावर तर फारच. निदान १०० जीएसएम, जमलं तर १२०चा मॅट कागद घ्या. चकचकीत नको, दुपारच्या उन्हात चमकतो आणि पोरांना वाचता येत नाही. लॅमिनेशनही त्याच कारणासाठी नको, साधी पारदर्शक पिशवी द्या.

छपाई लेझरवर करा. इंकजेटची शाई घामाच्या हातानं पसरते. मागचा मजकूर गडद रंगाच्या पट्टीवर ठेवू नका, पांढऱ्यावर सोनेरी लोगो आणि काळी अक्षरं ठेवा, म्हणजे पुढे काही उमटणार नाही.

दोन्ही बाजू एकदम छापताना ‘फिट’ पुन्हा आपोआप लागू शकतं. तेव्हा आधी नकाशाच्या बाजूच्या सगळ्या प्रती काढून घ्या, पट्टीनं मोजा, मग कागद उलटून मागची बाजू छापा.

लळिंगपायथा

ठीक ताई, तसंच करतो. शनिवारी छापायला जातोय, पट्टी दप्तरात टाकली आहे. चारही कोर्सच्या पीडीएफ वेगळ्या काढल्या आहेत आणि फाइलच्या नावातच प्रमाण लिहिलं आहे.